तिसरी सही

“असं लिहा,” कर्नल सोढी म्हणाले, “‘त्यानंतर सदर अधिकाऱ्यानं माझ्याशी गैरवर्तन केलं.’”

हवालदार क्लार्कची बोटं टाइपरायटरवर चालू लागली. टेबलापलीकडे कॅप्टन वैजयंती घुगे खुर्चीच्या कडेवर बसली होती. टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. तिचं सगळं सांगून झालं होतं आणि आता ती आमच्याकडे न बघता टाइपरायटरकडे बघत होती.

“सर,” मी म्हणाले, “त्या असं म्हणाल्या नाहीत.”

टाइपरायटर थांबला.

“मग काय म्हणाल्या?”

“त्या अधिकाऱ्यानं बॅटरी-रूमच्या दाराला आतून कडी लावली, असं म्हणाल्या. मनगटं धरून रॅकवर दाबून ठेवलं, असं म्हणाल्या. त्याच्या पुढचंही त्यांनी सांगितलं. आपण तिघांनीही ऐकलं.”

“ऐकलं ना. त्यालाच गैरवर्तन म्हणतात, मेजर निखाडे.”

“मेसमध्ये दोन पेग जास्त घेऊन मोठ्यानं गाणं म्हटलं, तरी गैरवर्तनच म्हणतात, सर.”

माझ्या डाव्या हाताला बसलेले मेजर कुरुविला छताकडे बघू लागले. सोढींनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला. ते चिडले नव्हते. दुपारचे साडेतीन वाजले होते, शेगडी नीट पेटत नव्हती, आणि त्या माणसाला घरी जाऊन पाय वर करून बसायचं होतं, एवढंच.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “जसं म्हणाल्या तसं लिहू. कॅप्टन घुगे, पुन्हा सांगा. एक एक वाक्य. क्लार्कचं टाइप झालं की पुढचं.”

आणि तिनं पुन्हा सांगितलं. एक वाक्य, मग टाइपरायटर. दुसरं वाक्य, मग टाइपरायटर. एका ठिकाणी हवालदाराला शब्द कळला नाही. त्यानं मान वर न करता विचारलं आणि तिला तो शब्द सुटा करून सांगावा लागला. पंचेचाळीस मिनिटं हे चाललं. शब्द माझ्या मनासारखा झाला होता, पण त्याची किंमत तिच्याकडून घेतली गेली, हे मला तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच कळलं. तोवर थांबवता येत नव्हतं.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये मेजर होते. भंडाऱ्याजवळच्या एका गावातून निघालेली मुलगी, वीस वर्षं नोकरी झालेली, डोंगरातल्या त्या छावणीच्या छोट्या इस्पितळात वॉर्ड सांभाळत होते. कायद्याचं एक पानही कधी वाचलेलं नव्हतं. मला चौकशीवर घेतलं ते मी बाई होते म्हणून. तक्रार बाईची असली की चौकशीच्या तीन सभासदांत एक बाई घ्यायची, असं वरून आलेलं होतं, आणि छावणीत त्या दर्जाची दुसरी बाई नव्हती.

तक्रार साधी होती, म्हणजे सांगायला साधी. कॅप्टन घुगे सिग्नल्सची, म्हणजे संदेशवहन शाखेची. वय सत्तावीस. मूळची सिन्नरची, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. तिच्या युनिटचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल वर्धन यांनी ऑक्टोबरातल्या एका दुपारी, तपासणीच्या निमित्तानं, तिला बॅटरी-रूममध्ये बोलावलं. पुढे काय झालं ते तिनं त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओला, लिहून दिलं. त्यांनी कागद घेतला, ‘बघतो’ म्हणाले आणि तीन आठवडे काहीही बघितलं नाही. मग तिनं थेट वर, ब्रिगेडियरसाहेबांना लिहिलं. त्यांनी ही चौकशी नेमली.

आता हे कसं असतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. चौकशी नेमणारे ब्रिगेडियरसाहेब. चौकशीचा निष्कर्ष जाणार त्यांच्याच टेबलावर. पुढे खटला चालवायचा की नाही, हे ठरवणारे तेच. वर्धनांचा गोपनीय अहवाल लिहायचे त्यांचे कमांडिंग ऑफिसर, आणि त्या कमांडिंग ऑफिसरांचा अहवाल लिहायचे ब्रिगेडियरसाहेब. सोढींच्या अहवालावर शेवटची ओळ त्यांचीच. वर्धन वाईट निघाले तर त्यांना सात वर्षं ‘उत्कृष्ट’ लिहिणारे सगळेच कुठेतरी चुकले, असं झालं असतं. कुणी कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

आणि मीही त्यातून सुटलेली नव्हते. माझ्या आईला त्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. लग्न मी केलेलं नव्हतं. आई दादाकडे होती, आणि वहिनीची पत्रं महिन्यागणिक आखूड होत चालली होती. नागपूरजवळ कामठीला बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. तो अर्ज त्याच टेबलावर पडून होता.

वर्धन दुसऱ्या दिवशी आले. उंच, देखणा माणूस, इस्त्री इतकी कडक की घडीनं बोट कापावं. ते शांतपणे, थोडं दुःखानंच बोलले. मुलीनं रजा मागितली होती, ती त्यांनी नाकारली, ती रडायला लागली, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. वडीलकीच्या नात्यानं. त्याचा असा अर्थ होईल हे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“दाराला कडी का लावली होती, सर?” मी विचारलं.

“वाऱ्यानं दार आपटत होतं.”

“तिच्या मनगटांवर वळ होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते नोंदवलेत.”

“बॅटऱ्या जड असतात, मॅडम. ती स्वतः उचलायची. मी कितीदा सांगितलं होतं.”

कुरुविलांनी ते लिहून घेतलं. बॅटरी-रूमला लागूनच टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि त्या दुपारी तिथं एक लान्स नायक ड्यूटीवर होता. भिंत पत्र्याची. त्याला बोलवा, असं मी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा कळलं की तो कोर्सवर गेलाय. दुसऱ्यांदा कळलं की कोर्स दीड महिन्याचा आहे आणि चौकशी पंधरा दिवसांत संपवायची आहे.

“थांबू या ना दीड महिना,” मी म्हटलं.

“तारीख वरून आलीय,” सोढी म्हणाले.

बुधवारी त्यांनी निष्कर्षाचा मसुदा वाचून दाखवला. लेफ्टनंट कर्नल वर्धन यांच्याकडून अधिकाऱ्याला न शोभणारं, गैरसमजाला वाव देणारं वर्तन झालं. त्यांना लेखी समज द्यावी. कॅप्टन घुगे यांनी कमांडिंग ऑफिसरला ओलांडून थेट वर पत्र लिहिलं. त्यांनाही योग्य ती जाणीव करून द्यावी. कुरुविलांनी वाचलं न वाचलं आणि सही केली. सोढींची आधीच झालेली होती. खाली तिसरी रेघ माझी.

“मला वेगळं मत लिहायचंय,” मी म्हणाले.

सोढींनी हवालदाराला बाहेर पाठवलं. कुरुविला आपण होऊनच उठले.

“निखाडे,” सोढी म्हणाले, “मी तुम्हाला अडवणार नाही. तो तुमचा हक्क आहे. शनिवारपर्यंत वेळ घ्या. पण काय होईल ते ऐकून ठेवा. ब्रिगेडियरसाहेब दोन्ही मतं वाचतील आणि आमचं घेतील. किंवा म्हणतील, चौकशीत मतभेद आहे, नव्यानं करा. मग नवे तीन सभासद, नवी खोली आणि तीच मुलगी. तिनं आत्तापर्यंत किती वेळा सांगितलंय? सीओला एकदा, डॉक्टरला एकदा, आपल्याला दोनदा.”

“तुम्हाला काय वाटतं, सर? तिनं सांगितलं ते खरं आहे?”

त्यांनी शेगडीतले निखारे हलवले.

“खरं आहे,” ते म्हणाले. “पण माझ्या वाटण्याला इथं रकाना नाही. माझी तेरा महिने नोकरी राहिलीय. मी दमलोय.”

त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. तोही नीट आला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी ब्रिगेडियरसाहेबांनी चहाला बोलावलं. ऑफिसात नव्हे, बंगल्याच्या व्हरांड्यात. मी मेजर होते, खांद्यावर तसं चिन्ह होतं, तरी ते मला सिस्टर म्हणत. सगळेच म्हणत.

“आईची तब्येत कशी आहे, सिस्टर?”

“उजवी बाजू अजून हलत नाही, सर.”

“तुमचा अर्ज वाचला मी. मुलीनं आईजवळ असावंच. मी शिफारस करणार आहे. थोडी इकडची कामं मार्गी लागू देत.”

चौकशीचा शब्दही त्यांनी काढला नाही. बिस्किटं पुढे केली, बागेतल्या शेवंतीबद्दल बोलले. वाटेल ते म्हणा, पण त्यांनी मला धमकावलं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. माणूस चांगला बोलत होता.

त्या संध्याकाळी मी खोलीवर वेगळं मत लिहायला बसले. मला इंग्रजी लिहायची सवय औषधांच्या नावांपुरती आणि तापाच्या तक्त्यापुरती. तरी दीड पान झालं. मनगटाचे वळ, कडी, लान्स नायक, सगळं घातलं. शेवटी लिहिलं, लेफ्टनंट कर्नल वर्धन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवावा. ते वाक्य तीनदा वाचलं. बरं वाटलं. मला वाटतं, वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातचं एवढं ठाम वाक्य तेच.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मी वॉर्डच्या ड्यूटी-रूममध्ये बसले होते, तर दारावर टकटक झालं. वैजयंती होती. युनिफॉर्ममध्ये. चौकशी चालू असताना साक्षीदारानं सभासदाला एकटं भेटायचं नसतं. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

“मॅडम, मराठीत बोलले तर चालेल?”

“बोल. बस आधी.”

ती बसली नाही. दार लावून दाराला टेकून उभी राहिली.

“तुम्ही वेगळं मत लिहिताय, असं कळलं.”

“कुणाकडून?”

“लिहू नका, मॅडम. सही करा.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सही करा,” ती पुन्हा म्हणाली. भराभर बोलत होती, पाठ केल्यासारखं. “तुम्ही वेगळं लिहिलंत तर पुन्हा चौकशी लागेल. मला पुन्हा सगळं सांगावं लागेल. मला नाही जमणार. मी राजीनामा दिलाय. ही चौकशी संपली की मला सोडणार आहेत. मला घरी जायचंय. अप्पांना काही माहीत नाही, त्यांना मी सांगणार आहे की थंडी मानवली नाही.”

“आणि तो? त्याचं काय?”

“त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

“वैजयंती, तू चार वेळा सांगितलंस. आता शेवटच्या पायरीवर—”

“शेवटची नाहीये ती, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटतंय. प्लीज. माझ्यासाठी करा.”

मी म्हटलं, बरं. विचार करते. ती म्हणाली, विचार नको, हो म्हणा. मी हो म्हटलं. तिनं कडक सॅल्यूट केला आणि गेली. सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नसतील.

शनिवारी सकाळी मी सही केली. कर्नल सोढींनी माझ्याकडे बघितलं, कागद उचलला, त्यावर टिपकागद दाबला. “शहाणपण केलंत,” असं ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचे आभार मानते. दीड पान मी खोलीवर जाऊन शेगडीत घातलं. स्वतःला सांगितलं, जिचं दुःख तिनंच सांगितलं. आपण कोण तिला पुन्हा उभं करणारे.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. वर्धनांना लेखी नापसंती मिळाली आणि त्यांची बदली झाली. त्यांची पुढची बढती दोन वर्षं लांबली, मग मिळाली. वैजयंतीला महिन्याभरात मोकळं केलं. मला सात आठवड्यांत कामठीचा हुकूम आला. आई आणखी चार वर्षं जगली. तिला मी माझ्या हातानं भरवलं, कूस बदलून दिली, आणि ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती चार वर्षं मला मिळाली. ती खोटी होती, असं मी म्हणणार नाही.

मी लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले आणि नागपुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी मार्चमध्ये फोन आला.

“मॅडम, मी वैजयंती घुगे. ओळखलंत?”

मी ओळखलं. ती नाशिकला वकिली करत होती. पुढच्या आठवड्यात नागपूरला येतेय, भेटायचंय, म्हणाली.

ती आली. केस कापलेले, थोडी स्थूल झालेली, हातात जाड फाइल. बसली, पाणी प्याली आणि सरळ कामाचं बोलायला लागली. सैन्यातून बाहेर पडलेल्या अकराजणी एकत्र आल्या होत्या. कुणी नौदलातली, कुणी वैद्यकीय शाखेतली, दोघी तर शिपाई दर्जाच्या. त्या सरकारकडे निवेदन देणार होत्या आणि गरज पडली तर न्यायालयात जाणार होत्या.

“मागणी एकच आहे,” ती म्हणाली. “तक्रार आली की पुढे काय करायचं, हे त्याच हुकुमाच्या साखळीतल्या माणसानं ठरवायचं नाही. साक्षीदार कोण, सभासद कोण, खटला की समज, हे सगळं साखळीबाहेरच्या कायदेवाल्या माणसानं ठरवायचं. ज्याचा ना तक्रार करणारीच्या नोकरीशी संबंध, ना आरोपीच्या. शिस्त, कवायत, सगळं त्यांनी ठेवावं. हे एवढं सोडावं.”

“ते म्हणतील, मग कमांडरला कोण जुमानेल?”

“म्हणतातच. मी विचारते, आत्ता कोण जुमानतं? वर्धननं जुमानलं?”

तिला माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं. चौकशीत बसलेल्या सभासदाचं प्रतिज्ञापत्र अकरांपैकी एकीच्याही प्रकरणात नव्हतं. सोढी वारले होते. कुरुविला बोलायला तयार नव्हते.

“मी काय लिहू?” मी म्हटलं. “मी तर सही केली, वैजयंती. तूच सांगितलंस म्हणून केली.”

हे मला तिला सोळा वर्षं सांगायचं होतं, असं बोलल्यावर जाणवलं. आवाजात जरा जास्तच ठसका आला.

तिनं फाइल बाजूला ठेवली.

“मी आपल्या मनानं नव्हते आले, मॅडम,” ती म्हणाली. “सीओसाहेबांनी आणलं होतं. त्यांच्या जीपमधून. त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी बोलावलं आणि दोन कागद पुढे ठेवले. एक माझा राजीनामा मंजूर झाल्याचा, सही व्हायची बाकी. दुसरा, वरिष्ठावर खोटा आरोप केल्याबद्दल माझ्यावरच खटला चालवायचा. त्यात लान्स नायकाचा जबाब जोडलेला, की त्यानं काहीही ऐकलं नाही. म्हणाले, निखाडे सिस्टर अडून बसल्यात. तू बाई, तीही बाई, तुझं ऐकेल. वीस मिनिटं दिली होती.”

“त्या दिवशी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ती चिडून म्हणाली नाही. वकील जशी नोंद वाचून दाखवते, तसं.

मी उठून आत गेले, कागद आणि पेन घेऊन आले. ती म्हणाली, आत्ताच नको, सावकाश लिहा, मी पोस्टानं मागवते. मी म्हटलं, नाही, बस. जेवणाच्या टेबलावर मी लिहायला लागले. या वेळी मराठीत. बॅटरी-रूम, टाइपरायटर, कडी, वळ, लान्स नायकाला न बोलावणं, बंगल्यावरचा चहा, माझा बदलीचा अर्ज, सगळं लिहिलं. शुक्रवारच्या दुपारपर्यंत आले आणि हात थांबला.

कारण मघाशी एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नाही.

ड्यूटी-रूमला एक खिडकी होती, इस्पितळाच्या पोर्चवर उघडणारी. त्या शुक्रवारी वैजयंतीनं दारावर टकटक करण्याआधी मी त्या खिडकीशी उभी होते. जीप येताना मी बघितली. तिच्या युनिटची पाटी, पुढच्या सीटवर तिचे कमांडिंग ऑफिसर. मागून ती उतरली. ते उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिला काहीतरी सांगितलं. ती वर यायला लागली तेव्हा मी घाईनं खुर्चीत येऊन बसले आणि तापाचे तक्ते पुढे ओढले. ती बोलत होती तो सगळा वेळ खालून इंजिनाचा आवाज येत होता. ती का आली आहे, तिला कुणी पाठवलंय, हे मला तिनं तोंड उघडण्याआधी माहीत होतं. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि तिनं सांगितलं असतं तर मला दीड पान द्यावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. ‘माझ्यासाठी करा’ म्हणाली, तेव्हा मी मनातल्या मनात तिचे आभार मानले होते.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, आणि तिला तर मी शेवटी शेवटी सगळंच सांगायचे.

मी ते लिहिलं. सात-आठ ओळी झाल्या. कागद तिच्याकडे सरकवला.

ती वाचत गेली. त्या ओळींशी आल्यावर थांबली. पुन्हा वरून वाचलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला, तरी तिनं मान वर केली नाही.

“तुम्ही बघितलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“सीओंचा चेहरा दिसला होता? की नुसती जीप?”

“चेहरा दिसला.”

“शपथेवर सांगाल?”

“सांगेन.”

तिनं पेन उघडलं आणि समासात एक खूण केली. “सोळा वर्षांत माझ्याशिवाय दुसरं कुणी काही बघितलंय, असं एकही वाक्य या फाइलमध्ये नव्हतं,” ती म्हणाली. “तारीख घाला. वेळही घाला, चार वाजता, असं नको, अंदाजे चार वाजता, म्हणा. त्यांनी घड्याळ बघितलं, ते आहे, ते राहू द्या.”

मी तारीख घातली. मला माफी मागायची होती. ती थांबली नाही.

“परत जाताना जीपमध्ये बसायच्या आधी मी वर बघितलं होतं,” ती म्हणाली. “त्या खिडकीकडे. वाटलं होतं, तुम्ही असाल तर खूण करावी. काय खूण करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पण पडदा ओढलेला होता. म्हटलं, वॉर्डात गेल्या असतील.”

“मी पडद्याच्या मागेच होते,” मी म्हणाले. “तू खाली पोचायच्या आत मी तो ओढला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या सबंध दुपारी पहिल्यांदाच नीट, सावकाश. मग तिनं कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला आणि खालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

“तेही लिहा,” ती म्हणाली.

मी लिहिलं, आणि खाली सही केली.